जुन्या ओम्नीची राखण

महाराष्ट्रात आज रस्त्यावर दिसणारी ओम्नी कुणी हौसेने ठेवलेली नसते. आठवडी बाजाराला माल नेणारा भाजीवाला, लग्नाच्या हंगामात पातेली आणि शेगड्या घेऊन फिरणारा केटरर, मंडपवाला, स्पीकरवाला, पहाटे पाव पोचवणारा बेकरीचा माणूस, अशांचा अख्खा धंदा त्या गाडीत भरलेला असतो. मारुतीने १९८४ मध्ये ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून आणली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी ओम्नीसुद्धा आता जुनी गाडीच. अशी गाडी चोरीला गेली तर तिच्या बाजारभावात तसलीच धड दुसरी उभी राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशीची ऑर्डर तर बुडतेच. शिवाय जुन्या गाडीचा विमा अनेकजण फक्त थर्ड पार्टी उतरवतात. त्यात समोरच्याच्या नुकसानीची भरपाई असते, आपली गाडी गेली तर एक रुपयाही हाती येत नाही. तेव्हा या गाडीची राखण मालकालाच करावी लागते. ती थोड्या खर्चात आणि ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या मदतीने बऱ्यापैकी पक्की करता येते.

आधी ओम्नी उघडी कुठे पडते ते पाहू. अलीकडच्या गाडीच्या किल्लीत एक बारीक चिप असते. किल्ली कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यातून त्या चिपला शक्ती मिळते, ती आपला सांकेतिक क्रमांक कळवते आणि तो जुळला तरच इंजिनाचा संगणक गाडी सुरू होऊ देतो. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची केली आणि त्यानंतर तिथल्या मोटारचोऱ्या लक्षणीय घटल्या. कार्ब्युरेटरच्या जुन्या ओम्नीत मात्र संगणकच नाही. तिथे किल्ली दोनच कामं करते. स्टीअरिंगचा खटका सोडवते आणि बॅटरीचा करंट पुढे जाऊ देते. किल्लीच्या जागी दुसऱ्या कशानेही ही दोन कामं झाली, तर गाडीला फरक कळत नाही.

त्यात कुलूप झिजलेलं असतं. आतल्या पितळी पट्ट्या आणि किल्लीचे दाते वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. आपल्या गाडीचं कुलूप कितपत उरलंय हे बघायला एक सोपी परीक्षा आहे. गाडी सपाट जागी, न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू ठेवा आणि किल्ली हलकेच बाहेर ओढा. बऱ्याच जुन्या ओम्नींमध्ये ती चालू इंजिनावर सहज निघून येते. आपल्या गाडीत तसं होत असेल, तर ते कुलूप फक्त नावाला आहे असं समजा. इतर कुठल्याही युक्तीवर पैसे घालण्याआधी नवा लॉकसेट बसवा.

आता मुख्य गोष्ट, चोर-स्विच. इंजिन सुरू व्हायला पेट्रोल लागतं, ठिणगी लागते आणि पहिले फेरे फिरवायला सेल्फ लागतो. यांतलं एक तोडलं की गाडी लागत नाही. पण कोणतं तोडायचं, इथे बहुतेकजण घाईने ठरवतात.

सेल्फची वायर तोडणं सगळ्यात सोपं, म्हणून अनेक ठिकाणी तेच केलेलं दिसतं. मला ते पसंत नाही. ओम्नीचं वजन आठशे किलोच्या आसपास. उतारावर दोघांनी ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की कार्ब्युरेटरची गाडी सेल्फशिवाय सुरू होते. हे आपण सगळ्यांनी पावसाळ्यात बॅटरी बसल्यावर केलेलं आहे. शिवाय किल्ली फिरवल्यावर सेल्फ अजिबात हललाच नाही, तर इथे काहीतरी दडवलंय हे चोराला लगेच कळतं.

पेट्रोल तोडायचं, तर जुन्या ओम्नीत पेट्रोलचा पंप विजेवर चालत नाही, इंजिनच तो चालवतं. म्हणजे वायर तोडून भागत नाही, नळीत कॉक बसवावा लागतो. तो बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, थोडं अंतर जाते आणि मग खोकत थांबते. ती कुठे थांबेल हे आपल्या हातात नसतं. भर चौकात थांबली तर मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ. दुसरी अडचण गॅसची. अनेक ओम्नी एलपीजी किंवा सीएनजीवर चालतात. पेट्रोलचा कॉक बंद आहे, पण डॅशबोर्डवरचं बटण गॅसकडे दाबलं की गाडी निमूटपणे निघून जाते. गॅसकिट असलेल्या गाडीत पेट्रोलचा बंदोबस्त करणाऱ्याने गॅसच्या व्हॉल्व्हच्या वायरचाही तसाच बंदोबस्त करायला हवा.

राहिली ठिणगी. पेट्रोल असो की गॅस, पेटवायला ठिणगी लागतेच, म्हणून कार्ब्युरेटरच्या ओम्नीसाठी हीच जागा उत्तम. ठिणगी तयार करते ती इग्निशन कॉईल. तिच्या एका टोकाला किल्लीमार्गे १२ व्होल्टचा करंट येतो, दुसरं टोक डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटकडे जातं. पॉइंट मिटले की कॉईलमधून करंट वाहतो; ते उघडले की तो एकदम तुटतो आणि त्या झटक्यात कॉईलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. चोर-स्विच दोन प्रकारे घालता येतो. पहिला प्रकार सगळीकडे दिसतो: करंट आणणारी वायर मध्ये तोडून तिथे स्विच बसवायचा. हा साधा आहे, चालतो. पण ज्याला वायरिंग कळतं तो कॉईलला बॅटरीकडून वेगळा करंट देतो आणि आपला स्विच बाजूलाच राहतो.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो. कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला एक जादा वायर जोडायची आणि ती स्विचमधून बॉडीला अर्थ करायची. स्विच लावला की ते टोक कायमचं अर्थ होतं. मग पॉइंट कितीही उघडले-मिटले तरी करंट तुटतच नाही, आणि करंट तुटत नाही म्हणून ठिणगी पडत नाही. बॅटरीकडून थेट करंट आणला तरी उपयोग शून्य. मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या स्कूटरी बंद करायचा स्विच हेच काम करायचा, त्यामुळे जुन्या मेकॅनिकला हे दोन वाक्यांत समजतं. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा की चालत्या गाडीत ही वायर तुटली, तर इंजिन बंद पडत नाही, फक्त स्विच निकामी होतो. उलट वायरचं आवरण घासून तांबं बॉडीला टेकलं, तर मात्र इंजिन जागच्या जागी थांबेल. आणि स्विच लावलेला असताना किल्ली बराच वेळ चालू राहिली तर कॉईल तापते, हे लक्षात ठेवायचं. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असलेल्या गाडीत ही पद्धत माहीतगाराला विचारल्याशिवाय करू नये.

नंतरच्या इंजेक्शनवाल्या ओम्नीचा हिशेब निराळा. तिथे ठिणगी तोडून सेल्फ मारत राहिलं, तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो बिघडू शकतो. तिथे टाकीतला विजेचा पंप बंद करावा, आणि तोही पंपाची जाड वायर न तोडता त्याच्या रिलेला इशारा देणारी बारीक वायर तोडून. स्विचमधून करंट अगदी थोडा जातो, काम तेवढंच होतं.

स्विच लपवायचा कुठे, हे छापून सांगण्यात अर्थ नाही; सगळ्यांनी एकाच जागी लपवला तर तो लपवलेला राहणार नाही. तत्त्व एवढंच की बसल्या जागेवरून हात सहज पोचावा, गुडघा किंवा मालाची पेटी त्याला लागू नये, आणि तो स्विच वाटू नये. डॅशबोर्डवर आधीच असलेलं, वर्षानुवर्षं काही काम नसलेलं एखादं बटण यासाठी फार चांगलं. ज्यांना स्विच लावायचं आठवत नाही, त्यांच्यासाठी रीड स्विच आहे. काचेच्या बारीक नळीत दोन पातळ पत्र्या असतात आणि बाहेरून चुंबक जवळ आणला की त्या एकमेकींना चिकटतात. ही नळी प्लॅस्टिकच्या एखाद्या भागामागे चिकटवायची आणि किल्लीच्या जुडग्यात छोटा चुंबक ठेवायचा. किल्ली चालू करून त्या जागी चुंबक टेकवला की रिले ओढला जातो, आणि स्वतःच्याच एका संपर्कातून करंट घेऊन किल्ली बंद होईपर्यंत तसाच धरून राहतो. किल्ली काढली की तो सुटतो आणि गाडी आपोआप बंदोबस्तात जाते. रीडची पत्री नाजूक असते, तिच्यातून कॉईलचा करंट थेट नेला तर ती चिकटून जळते. म्हणून मध्ये रिले हवाच, आणि तो चांगल्या कंपनीचा हवा.

आता कारागिरीबद्दल, कारण मला चोरापेक्षा जास्त धास्ती कच्च्या जोडणीची वाटते. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. तिथे उष्णता, तेलाचा ओशटपणा, थरथर आणि पेट्रोलची नळी हे सगळं एका पेटीत आहे, आणि वर आपण बसलेलो आहोत. अशा ठिकाणी वायरी पिळून वर टेप गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण. टेप उष्णतेने सुटते, जोड ढिला होतो, ठिणगी उडते. वायर निदान दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी, स्विच १० अँपिअरच्या वरचा गाडीसाठी बनवलेला घ्यावा. प्रत्येक टोकाला लग दाबून बसवावा, वर स्लीव्ह चढवावी. वायर पत्र्यातून आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट घालावा, नाहीतर पत्र्याची धार थोड्याच दिवसांत आवरण कापते. बॅटरीकडून नवी वायर आणत असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. काम करताना बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडलेलं असावं. घाटात वळणावर इंजिन बंद पडणारी गाडी चोराच्या हाती गेलेल्या गाडीपेक्षा वाईट.

गावी चार-आठ दिवस गाडी उभी ठेवून जायचं असेल तर याहून सोपा उपाय आहे. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला रोटर काढायचा आणि बरोबर न्यायचा. तळहातावर मावणारा हा तुकडा ठिणगी प्रत्येक प्लगकडे वळती करतो. तो नसला की सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, बाकी काही होत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, जर्मन सैन्य उतरेल या भीतीने ब्रिटनमध्ये उभ्या मोटारी निकामी करून ठेवण्याची सक्ती झाली, तेव्हा लोक हाच तुकडा काढून खिशात टाकत. परत आल्यावर तो त्याच्या खाचेत नीट बसवून झाकणाच्या क्लिपा लावायच्या, एवढंच काम. यात वायर तोडावी लागत नाही, पैसाही लागत नाही.

पण इंजिन सुरू होत नाही म्हणून गाडी जात नाही, असं नाही. एवढ्या हलक्या गाडीला दोरी बांधून टेम्पोने ओढून नेता येतं. म्हणून विजेच्या युक्तीला लोखंडाची जोड हवी. बाजारात मिळणारं स्टीअरिंगवरचं आडवं कुलूप दिसायला भक्कम असतं, पण त्याची खोट स्टीअरिंगच्या कड्यातच असते. कुलूप कापावं लागत नाही, आतली बारीक सळी कापली की झालं. त्यापेक्षा गिअर आणि क्लच धरणं बरं. गाडी रिव्हर्समध्ये उभी करावी आणि गिअरची दांडी फ्लोअरला बोल्टने घट्ट केलेल्या लोखंडी कड्यात अडकवून कुलूप घालावं. रिव्हर्समध्ये अडकलेली गाडी ढकलायची तर क्लच दाबावा लागतो. म्हणून साखळी क्लचच्या पॅडलपासून स्टीअरिंगपर्यंत इतकी ताणून लावावी की पॅडल खाली जाणारच नाही. दोन्ही एकत्र असतील तेव्हाच मागची चाकं खऱ्या अर्थाने धरली जातात. कडं वेल्डिंगने लावायचा मोह होतो, पण पेट्रोलच्या नळीजवळ वेल्डिंग नको. बोल्ट वापरा, बसवल्यावर त्याच्या डोक्याचे कोपरे कानशीने घासून गोल करा म्हणजे पान्याची पकड बसणार नाही. बोल्ट खालून कुठे निघतो हे भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन बघा.

दिसणारं कुलूप आणि लपवलेली युक्ती यांचा परिणाम वेगवेगळा होतो. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात लोजॅक नावाचा छुपा रेडिओ ट्रान्समीटर मोटारींत बसवायला सुरुवात झाली. गाडी चोरीला गेली की पोलीस त्या लहरींचा माग काढत. इयान एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवलं की ज्या शहरांत असे ट्रान्समीटर वाढले तिथे सगळ्यांच्याच गाड्यांच्या चोऱ्या घटल्या, कारण कुठल्या गाडीत तो आहे हे चोराला बाहेरून कळत नव्हतं. दिसणारं कुलूप तुमची गाडी वाचवतं, पण चोर शेजारच्या गाडीकडे वळू शकतो. आपल्या गल्लीत सगळ्याच ओम्नींना चोर-स्विच बसले तर सगळ्यांचंच भलं, ते यामुळे. तरीही मी दोन्ही ठेवायला सांगेन: बाहेरून दिसणारी साखळी चोराला विचारात पाडते आणि न दिसणारा स्विच त्याला तिथेच अडकवतो.

सरकत्या दारांना बाहेरून कडी-कोयंडा लावून घेतात, ते मालवाहू गाडीला ठीक. ज्या गाडीत माणसं किंवा शाळेची मुलं बसतात तिला बाहेरून कुलूप लागेल अशी कडी कधीही बसवू नये. अपघात झाला किंवा आग लागली तर आतल्या माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे. मधल्या सरकत्या काचेची खिटी ढिली झालेली असेल तर ती मात्र आजच बदला.

अलार्म घरी करता येतो. दार उघडलं की छताचा दिवा लावणारं बटण आधीच बॉडीला अर्थ होणारं असतं, आणि हॉर्नचा रिलेही तसाच अर्थवर चालतो. दोहोंच्या मध्ये स्वतःला धरून ठेवणारा रिले आणि इंडिकेटरचा फ्लॅशर घातला की दार उघडताच हॉर्न तुटक-तुटक वाजत राहतो, दार पुन्हा लावलं तरी थांबत नाही. ट्रॅकर म्हणून जुना मोबाईल गाडीत लपवण्याची कल्पना चांगली वाटते, पण उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि लिथियमची जुनी बॅटरी फुगते. त्यापेक्षा गाडीच्या बॅटरीवर चालणारा साधा जीपीएस ट्रॅकर फ्यूज घालून बसवावा.

कागदपत्रांचंही सांगतो. चोरीविरोधी यंत्रावर विम्याच्या प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, म्हणजे स्वतःच्या नुकसानीच्या हिश्श्यावर जुन्या दरपत्रकाप्रमाणे अडीच टक्के आणि जास्तीत जास्त ५०० रुपये, पुण्याच्या एआरएआय संस्थेने प्रमाणित केलेल्या यंत्रालाच असते. घरी केलेल्या स्विचला ती नाही. विमा सर्वसमावेशक असेल तर वायरिंगमधला बदल कंपनीला कळवून ठेवा, कारण पुढे आगीचा दावा आला तर तोच प्रश्न पहिला विचारला जाईल. चोरीच्या दाव्यात कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या खणात ठेवू नका. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली आहे आणि जवळजवळ सगळ्या ओम्नी त्यात येतात. तिचं स्नॅप लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही, त्यामुळे प्लेट गुपचूप बदलणं अवघड होतं. चॅसी नंबर सगळ्या काचांवर कोरून घेतला तर गाडी सुटी करून विकणाऱ्याला काचांचा उपयोग राहत नाही.

खिशाला एकच गोष्ट परवडत असेल तर कार्ब्युरेटरच्या ओम्नीत कॉईलचा चोर-स्विच आणि इंजेक्शनच्या ओम्नीत पंपाच्या रिलेचा स्विच बसवा. त्यानंतर पैसे उरले तर गिअर आणि क्लच यांचं कुलूप, आणि सगळ्यात शेवटी अलार्म. काम मात्र लग दाबून, ग्रोमेट घालून करणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, आणि गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा.